जर्मन खेड्यातला मुक्काम

परगावी रात्र पडली तर आपल्याकडच्या माणसाला दोन-तीनच ठिकाणे आठवतात. लांबचा का होईना एखादा नातेवाईक, नाही तर गावातले देऊळ किंवा धर्मशाळा, आणि खिशात चार पैसे असतील तर एस.टी. स्टँडसमोरचे लॉज. नातेवाइकाकडे पैसे द्यावे लागत नाहीत, पण संकोच वाटतो. लॉजमध्ये संकोच नसतो, पण कोणी 'जेवलात का' असेही विचारत नाही. आज मी तुम्हांला या दोन्हींच्या मधल्या एका मुक्कामाबद्दल सांगणार आहे. तो आहे जर्मनीतल्या एका लहान खेड्यात.

तुम्ही म्हणाल, जर्मनीतल्या खेड्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट या शहरांचे मैत्रीचे नाते 1968 सालापासूनचे आहे. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्राने 2015 मध्ये भागीदारी केली, आणि 2024 मध्ये तिकडे कुशल कामगार पाठविण्याबद्दलही करार झाला. तेव्हा तुमच्या गावातली एखादी परिचारिका किंवा वीजतंत्री उद्या त्या मुलखात असेल, आणि परवा तिला भेटायला तिचे आईवडील जातील. शिक्षकांना तर हे आधी ठाऊक हवे. कारण गावातली मुले अशा गोष्टी त्यांनाच विचारतात.

2023 च्या जून महिन्यात फ्रायबुर्ग शहरातल्या एका चर्चासत्राला जाण्याचा योग मला आला. बरोबर पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई होती. काम संपल्यावर चार रात्री आम्ही जवळच्या डोंगरातल्या एका खेड्यात राहिलो. या डोंगराला श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळे अरण्य, असे म्हणतात. सूचिपर्णी वृक्षांची गर्दी इतकी, की लांबून डोंगर काळपट दिसतो. हा पट्टा दक्षिणोत्तर सुमारे दीडशे किलोमीटर लांब आहे. त्यातले सर्वांत उंच शिखर फेल्डबेर्ग 1493 मीटरचे. म्हणजे आपले कळसूबाई त्याहून दीडशे मीटरने उंचच भरते. आपल्या सह्याद्रीसारखाच हाही पाणी वाटून देणारा डोंगर आहे. पश्चिमेकडे पडलेला पाऊस ऱ्हाइन नदीतून उत्तर समुद्राला जातो. फुर्टवांगेन गावाजवळ उगवणारा ब्रेग नावाचा ओढा मात्र पूर्वेकडे वाहतो, ब्रिगाख नदीला मिळतो, आणि दोघे मिळून डॅन्यूब होऊन थेट काळ्या समुद्रापर्यंत जातात.

इथले जुने शेतघर पाहण्यासारखे असते. छप्पर एवढे मोठे आणि उतरते, की ते जवळजवळ जमिनीला टेकावे. त्या एकाच छपराखाली माणसे, गुरे आणि वर्षाचा चारा. घर डोंगरउतारावर बांधलेले असल्यामुळे मागच्या बाजूने गवताची गाडी सरळ माळ्यावर नेता येते. गवत खाली टाकले की गुरांपुढे पडते. हिवाळ्यात बर्फ साचले तरी गोठ्यात जाण्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही. गुटाख येथे 1612 साली बांधलेले असे एक घर आजही उभे आहे, आणि 1964 पासून तिथे उघड्यावरचे संग्रहालय आहे.

शेतकरी श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट. या डोंगराच्या मधल्या भागात शेताचे तुकडे करीत नसत. सगळी जमीन एकाच वारसाकडे जाई, आणि बहुधा तो धाकटा मुलगा असे. मग बाकीच्या भावंडांनी करायचे काय? कोणी लाकूडकाम धरले, कोणी काच करायला शिकले, कोणी लाकडी घड्याळे बनवू लागले. 'कुकू' करणारे पक्ष्याचे प्रसिद्ध घड्याळ याच मुलखाचे. आणि ज्याच्याकडे घर मोठे होते त्याने पुढे प्रवाशांना खोल्या द्यायला सुरुवात केली. शेती थोडी, जंगल थोडे, पाहुणे थोडे, अशी तीन पायांवर उभी असलेली कुटुंबे तिथे आजही आहेत.

आता उतरण्याच्या जागांचे प्रकार सांगतो. कारण नावावरून चूक होते. 'गास्टहोफ' म्हणजे खाली जेवणघर आणि वर खोल्या. सिंह, गरुड, बैल, हरीण, मुकुट, लिंडेन वृक्ष अशी यांची नावे असतात आणि तेच चित्र लोखंडी पाटीवर दारावर टांगलेले असते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही खाणावळ सापडावी, ही त्यातली जुनी सोय. एखाद्याचे नाव टपालावरून असेल तर तिथे पूर्वी टपालगाडीचे घोडे बदलत. 'पेन्सिओन' म्हणजे खोली आणि सकाळची न्याहारी. रात्रीचे जेवण बहुधा बाहेर. 'फेरिएनवोनुंग' म्हणजे स्वयंपाकघरासह छोटी बिऱ्हाडाची जागा. इथे तुम्ही वरण-भात शिजवू शकता. पण शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे पडतात आणि चादरी-टॉवेल भाड्यात आहेत की नाहीत हे आधी विचारावे लागते. ज्यांच्याबरोबर अगदी लहान मूल आहे त्यांना ही जागा सर्वांत बरी. शिवाय काही शेतकरी आपल्या शेतावरच पाहुणे ठेवतात. तिथे मुलांना वासरे, कोंबड्या आणि गवताचा ढीग मिळतो, आणि मग त्यांना दुसरे काही लागत नाही. दारावर 'त्सिमर फ्राय' अशी पाटी दिसली तर खोली रिकामी आहे असे समजावे.

आम्ही उतरलो ते पेन्सिओन होते. खाली मालकीणबाई आणि त्यांचे यजमान राहत, वर पाहुण्यांच्या पाच खोल्या. नोकर कोणी नाही. दारात गेल्याबरोबर 'ग्र्यूस गोट' म्हणावे. दक्षिण जर्मनीतला हा नमस्कार, आणि त्यात देवाचे नाव आहे. माझ्या आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग रामरामच की!" चार दिवस तिने त्यांना रामरामच घातला आणि त्यांनी तो घेतला.

आल्यावर एक कागद भरून सही करावी लागते. जर्मन नागरिकांना हा कागद 1 जानेवारी 2025 पासून माफ झाला आहे. आपल्यासारख्या परदेशी पाहुण्यांना मात्र तो भरावा लागतो, आणि पासपोर्टही दाखवावा लागतो. त्यात अपमान मानू नये. दुसरे म्हणजे 'कुरटाक्से' नावाचा पाहुणेपट्टीचा कर. माणशी, रात्रीला थोडी रक्कम. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी माफ. आम्ही म्हणणार, हा आणखी एक भुर्दंड! पण श्वार्त्सवाल्डमधल्या अनेक गावांत या पट्टीच्या बदल्यात पाहुण्याला एक कार्ड मिळते आणि ते दाखवले की त्या भागातल्या बसने व साध्या रेल्वेगाडीने फुकट फिरता येते. पट्टी कुठे गेली हे पाहुण्याला डोळ्यांनी दिसते.

खोली साधी होती. लाकडी पलंग, पांढरी पांघरुणे, एक टेबल, भिंतीला हीटर. दोन माणसांच्या पलंगावर पांघरुणे मात्र दोन असतात, ज्याचे त्याला. खिडकीची मूठ ही शिकण्याची गोष्ट आहे. मूठ खाली असली की खिडकी बंद, आडवी केली की दारासारखी उघडते, आणि वर केली की फक्त वरच्या बाजूने कलते. पहिल्यांदा कलती खिडकी पाहून 'मोडली!' असे वाटते. ती मोडलेली नसते. न्हाणीघरात बादली-तांब्या नसतो आणि जमिनीला बहुधा मोरी नसते. पाणी बाहेर सांडले तर ते जाणार कुठे? म्हणून अंघोळ पडद्याच्या किंवा काचेच्या आतच करावी, आणि सांडलेच तर पुसून घ्यावे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. खोलीत शेगडी लावून काही शिजवू नये. पायांतले बूट दाराशी काढून घरातल्या सपाता घालण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. ती तर आपल्याला शिकवावी लागत नाही.

न्याहारी ठरलेल्या वेळात, म्हणजे आमच्याकडे साडेसात ते साडेनऊ. ताजे छोटे पाव, लोणी, घरचा जॅम, मध, चीज, उकडलेले अंडे, मांसाचे काप, चहा-कॉफी. दहा वाजता गेलात तर टेबल पुसलेले सापडेल. पोटभर खावे, पण तिथले पाव बांधून न्यायचे असतील तर विचारून न्यावेत.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. 'मी मांस खात नाही' एवढे सांगून भागत नाही. 'श्पेक' म्हणजे डुकराच्या खारवलेल्या चरबीचे बारीक तुकडे बटाट्यात किंवा भाजीत घातलेले असतात, आणि पुष्कळांच्या हिशेबी ते मांस नव्हे, ती फोडणी! म्हणून 'ओने फ्लाइश, ओने श्पेक', म्हणजे मांस नको आणि श्पेकही नको, असे दोन्ही सांगावे. 'मौलटाशे' नावाचा पदार्थ बाहेरून आपल्या कडबूसारखा दिसतो, पण आत बहुधा मांस असते. 'केझेश्पेट्स्ले' मात्र चालतात. कणकेच्या मऊ शेवया, त्यांवर वितळलेले चीज आणि परतलेला कांदा. त्या भागात शेवयांबरोबर मसुरीही शिजवतात. नेहमी तिच्याबरोबर सॉसेज असते, पण ते वगळून मागितल्यावर आईला चार दिवसांनी डाळ पाहायला मिळाली.

मुलांचा विचार गास्टहोफमध्ये चांगला केलेला असतो. उंच खुर्ची मिळते, अर्ध्या मापाचे ताट मिळते. आणि एक गंमत सांगतो. काही ठिकाणी यादीत 'रॉयबरटेलर' असे लिहिलेले असते. म्हणजे दरोडेखोराचे ताट. रिकामी ताटली आणि काटा-चमचा आणून देतात. मुलाने आईबापांच्या ताटांतून हवे ते पळवायचे. दाम काही नाही. आमच्या मुलीने हा दरोडा रोज घातला. एका टेबलावर 'श्टामटिश' अशी पाटी असेल तर मात्र तिथे बसू नये. ती गावातल्या नेहमीच्या मंडळींची बैठक आहे. आपल्या पाराच्या कट्ट्यावर ज्याची त्याची जागा ठरलेली असते, तशी.

रविवारी दुकाने बंद. हा नुसता रिवाज नव्हे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून 1919 च्या जर्मन घटनेत राखला गेला, आणि 1949 च्या घटनेने ते कलम जसेच्या तसे पुढे चालू ठेवले. तेव्हा दूध, फळे, औषध शनिवारीच घ्यावे. प्लॅस्टिकच्या बाटलीवर किंवा डब्यावर 25 सेंट अनामत असते. 2003 पासून ही पद्धत आहे. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, मुलांना झोप येत नाही. पण दहा म्हणजे दहा.

आता या दहाच्या नियमाबद्दल जे घडले तेच मला आज मुख्यतः सांगायचे आहे.

शनिवारी आम्ही ओढ्याकाठी पुष्कळ हिंडलो. मुलगी थंड पाण्यात खेळली. रात्री तिला ताप भरला. बरोबर आणलेले औषध दिले, पण बारा वाजले, एक वाजला, अंग तव्यासारखे. पत्नी म्हणाली, "खाली जाऊन बाईंना उठवू या का?" मी म्हणालो, "दहानंतर शांतता आहे. जिन्यापाशी पाटी लावलीय. परक्या मुलखात नियम मोडून कसं चालेल? सकाळी बघू." खरे सांगायचे तर नियमापेक्षा मला माझ्या अब्रूची काळजी होती. आपली माणसे कुठेही आरडाओरडा करतात, असे कोणी म्हणू नये, एवढेच माझ्या डोक्यात होते.

आई उठली. तिला ना जर्मन येत होते ना पाटी वाचता येत होती. ती जिना उतरून खाली गेली आणि दाराशी असलेली घंटी तिने वाजवली. मला वर ऐकू आली आणि माझ्या पोटात गोळा आला.

पाच मिनिटांत मालकीणबाई वर आल्या. त्यांनी काही विचारले नाही. मुलीच्या कपाळाला हात लावला, मग पावलांना लावला. थर्मामीटर आणला, ताप एकोणचाळीस अंशांच्या वर होता. त्यांनी 116117 या क्रमांकावर फोन केला. दवाखाने बंद असताना डॉक्टरांचा सल्ला मिळावा म्हणून हा क्रमांक आहे. जिवावरचे दुखणे असेल तर 112. डॉक्टरांनी वय, वजन, कोणते औषध केव्हा दिले हे सारे विचारले आणि काय करावे ते सांगितले. सकाळपर्यंत उतार नसेल तर घेऊन या म्हणाले. मग बाईंनी कोमट पाण्याचे भांडे आणि दोन टॉवेल आणले आणि मुलीच्या पोटऱ्यांना ओली फडकी गुंडाळली. हा तिकडचा घरगुती उपाय. पाय गार असतील तर तो करायचा नाही. म्हणूनच त्यांनी आधी पावले चाचपली होती. आईने आपला रुमाल भिजवून कपाळावर पट्टी ठेवली. एक पायथ्याशी, एक उशाशी. दोघी पहाटेपर्यंत बसल्या. एकीचे एक अक्षर दुसरीला समजत नव्हते, आणि दोघी अधूनमधून बोलत होत्या.

पहाटे ताप उतरला. बाईंनी लिंडेनच्या फुलांचा काढा मध घालून आणला. अंगणातल्याच झाडाची फुले, सुकवून ठेवलेली.

सकाळी मी माफी मागायला खाली गेलो. बाई जरा रागावल्याच. पण राग घंटीचा नव्हता, ती उशिरा वाजवल्याचा होता. त्यांनी मला जिन्यापाशी नेले आणि पाटीवर बोट ठेवले. पहिली ओळ मी रोज वाचत होतो : रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी. तिच्याखाली दुसरी ओळ होती : अडचण असल्यास कोणत्याही वेळी घंटी वाजवावी. मी वर्गात मुलांना वीस वर्षे सांगत आलो आहे, प्रश्न शेवटपर्यंत वाचा. आणि पाटीची दुसरी ओळ मी वाचली नव्हती. माझ्या निरक्षर आईला ती न वाचताच समजली होती.

निघताना हिशेब झाला. चार रात्रींचे भाडे, तिघा मोठ्यांची पाहुणेपट्टी, सफरचंदाच्या रसाच्या दोन बाटल्या. शेवटच्या सेंटपर्यंत काटेकोर. रात्रीच्या जागरणाचे काही नाही. मी काही वरचे पैसे पुढे केले, ते त्यांनी माझ्याच हातात परत ठेवले. आईने पिशवीतून राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा काढून दिला, तो मात्र दोन्ही हातांनी घेतला.

श्रोतेहो, आपण समजतो की जिथे पैसे मोजले तिथे माया संपली, आणि जिथे नियम लावले तिथे माणुसकी संपली. मला तिथे तसे दिसले नाही. भाडे ठरलेले असल्यामुळे आम्ही मिंधे नव्हतो. वेळा ठरलेल्या असल्यामुळे पाच खोल्यांचे काम दोन म्हातारी माणसे निभावू शकत होती. आणि रोजची शांतता पाळली जात होती म्हणूनच रात्री वाजलेली घंटी म्हणजे खरी अडचण, हे त्यांना तत्काळ कळले. रोजच रात्री गोंधळ चालणाऱ्या घरात त्या घंटीला कोण उठले असते?

एक वाईट बातमीही सांगितली पाहिजे. अशी घरे कमी होत चालली आहेत. काम बारा महिन्यांचे, सुट्टी थोडी, आणि मुले शहरांत नोकरीला. मागल्या काही दशकांत जर्मनीतल्या पुष्कळ खेड्यांतल्या खाणावळी वारस नसल्यामुळे बंद पडल्या. आमच्या मालकीणबाईंचा मुलगाही श्टुटगार्टला कारखान्यात आहे. पुढे काय, असे मी विचारले तेव्हा त्यांनी खांदे उडवले आणि टेबल पुसायला घेतले. शेताचे तुकडे होऊ नयेत म्हणून शतकानुशतके एक वारस नेमणाऱ्या मुलखात आता घराला एकही वारस मिळू नये, याचे मला वाईट वाटले. आपल्या गावांनाही हा प्रश्न नवा नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल तर थोडक्यात एवढे ध्यानात ठेवा. येण्याची वेळ आधी कळवा, आणि उशीर होणार असेल तर फोन करा. थोडी रोकड जवळ ठेवा. लहान घरांत कार्ड चालेलच असे नाही. मुलांची वये आधी सांगा, म्हणजे पाळणा किंवा जादा बिछाना तयार राहतो. मुलांच्या तापाचे औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या. दोन-चार जर्मन शब्द शिकून जा. 'बिटे' म्हणजे कृपा करून आणि 'डांके' म्हणजे आभारी आहे. एवढ्यानेही समोरच्याचा चेहरा खुलतो.

आणि जिन्यापाशी पाटी असेल तर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.